कायद्याने स्वतःला घातलेल्या सहा अटी

फ्रान्सची नागरी संहिता २१ मार्च १८०४ रोजी एकत्रित स्वरूपात जाहीर झाली, तेव्हा तिच्यात २२८१ कलमे होती. लग्न, घटस्फोट, पालकत्व, वारसा, गहाण, कर्ज, भाडेपट्टा, अगदी शेजाऱ्याच्या बाजूला खिडकी काढायची तर किती अंतर सोडायचे, इथपर्यंतचा संसार त्यात आहे. पण हा संसार सातव्या कलमापासून सुरू होतो. त्याआधी सहा कलमांचा एक छोटा प्रास्ताविक भाग येतो. कायदा केव्हा लागू होतो, कोणाला लागू होतो आणि कसा लागू करायचा, एवढाच त्याचा विषय. पानभराचा मजकूर. कायद्यावर लिहिलेल्या गद्यात इतके नेटके आणि इतके खोल पान मला दुसरे माहीत नाही, म्हणून ते सावकाश वाचावेसे वाटते.

कायद्याचे पुस्तक उघडणारा माणूस एक धास्ती घेऊन येतो: मला कशाकशाची मनाई आहे? या पानावर त्याचे उत्तर लवकर मिळत नाही. पहिल्या तीन कलमांत बोलणे कायद्याविषयी आहे. चौथ्या आणि पाचव्यात ते न्यायाधीशाविषयी आहे. सामान्य माणूस तिसऱ्या कलमात येतो खरा, पण ज्याच्यावर कायदा बंधनकारक आहे असा, म्हणजे कर्माच्या जागी. ‘तुला हे करता येणार नाही’ असे त्याला बजावले जाते ते थेट सहाव्या कलमात. नागरिकाला बांधण्याआधी कायद्याने स्वतःला बांधून घेतले आहे आणि आपल्या न्यायाधीशालाही बांधले आहे. या सहा कलमांचे सौंदर्य आणि त्यांची नैतिकता या क्रमात आहे.

हा क्रम सहज जमलेला नाही. नेपोलियनने १८०० मध्ये चार कायदेपंडितांची समिती नेमली: त्रोंशे, बिगो द प्रेआमन्यो, मालव्हिल आणि पोर्तालिस. पोर्तालिसची दृष्टी अतिशय अधू झालेली होती. त्याची बुद्धी मात्र चौघांत सर्वांत तत्त्वचिंतक. त्यांच्या मूळ मसुद्यात हा प्रास्ताविक भाग बराच लांबलचक होता आणि त्यात कायदा म्हणजे काय, त्याचे प्रकार किती, अशी पाठ्यपुस्तकी चर्चा होती. पुढे ती गाळली गेली. उरलेला मसुदाही डिसेंबर १८०१ मध्ये विधिमंडळाने फेटाळला. अखेर मार्च १८०३ मध्ये ही सहा कलमे संमत झाली. व्याख्या गेल्या, उपदेश गेला आणि केवळ वागण्याचे नियम उरले. हे पान इतके ठसठशीत झाले ते या काटछाटीमुळे.

पहिल्या कलमाचा १८०४ चा पाठ पाहू. कायदा जाहीर झाला की तो लागू होतो, पण सगळीकडे एकाच क्षणी नाही. तो जाहीर झाल्याचे ज्या क्षणी त्या त्या भागात कळू शकेल, त्या क्षणापासून तो तिथे लागू. हे ‘कळू शकेल’ ठरवायचे कसे? त्यासाठी हिशेब दिला आहे. सरकार जिथे बसते त्या जिल्ह्यात जाहीर झाल्यानंतर एक दिवसाने. इतर जिल्ह्यांत हा एक दिवस, शिवाय राजधानीपासून जिल्ह्याच्या ठाण्यापर्यंतच्या दर दहा मिरियामीटरना, म्हणजे दर शंभर किलोमीटरना, आणखी एकेक दिवस. पाचशे किलोमीटरवरच्या ठाण्याला कायदा सहा दिवसांनी पोहोचला असे मानायचे. घोड्याच्या टपालाचा वेग कायद्याच्या कलमातच लिहून ठेवला आहे.

या हिशेबाच्या मधोमध कंसात चार शब्दांची एक पुस्ती आहे: दहा मिरियामीटर म्हणजे जुन्या सुमारे वीस लीग. मेट्रिक मापे तेव्हा नवी होती. पॅरिसच्या विद्वानाला मिरियामीटर कळत असे. खेड्यातला माणूस जुन्या लीगमध्येच अंतर मोजत होता. कायदा लोकांना कळल्याशिवाय लागू नये असे सांगणाऱ्या वाक्याने, ते वाक्य तरी लोकांना कळावे म्हणून जुने माप सोबत दिले. तत्त्व आणि त्याचे पालन एकाच ओळीत. ही चार शब्दांची पुस्ती मला सगळ्या कलमाइतकीच मोलाची वाटते.

इथे एक बारीक रेषाही ओढलेली आहे. कायदा ‘कळेल’ असे कलम म्हणत नाही, ‘कळू शकेल’ म्हणते. आणि मुदत भरली की तो कळला ‘असे मानले जाईल’. शक्यता देण्याची जबाबदारी राज्याची. ती दिल्यावर कळून घेण्याची जबाबदारी माणसाची. ‘कायदा माहीत नव्हता’ ही सबब चालत नाही, हे वाक्य या सहा कलमांत कुठेच लिहिलेले नाही. पण त्या सबबीला नकार देण्याचा अधिकार कायद्याला कुठून मिळतो, याचे उत्तर पहिल्या कलमात आहे. आधी दवंडी, मग दंड. अर्थात हे मानणे पूर्ण खरे नव्हते. फ्रान्समधल्या किमान साठ लाख लोकांना फ्रेंच येत नाही, असा अहवाल धर्मगुरू आबे ग्रेग्वारने १७९४ मध्येच दिला होता. त्यांच्या दृष्टीने राजपत्र वेळेवर येऊनही मुके होते. कलमाने भौगोलिक अंतर मोजले. भाषेचे अंतर मोजायचे राहून गेले.

दीडशे वर्षांनी हे कलम भारताच्या सर्वोच्च न्यायालयात उद्धृत झाले. जयपूर संस्थानात मंत्रिमंडळाने १९२३ मध्ये अफूविषयीचा एक कायदा ठरावाने संमत केला. तो छापला नाही, कुठे जाहीर केला नाही. १९३८ मध्ये त्यात दुरुस्ती करून लिहिले, की हा कायदा १ सप्टेंबर १९२४ पासून लागू आहे. पुढे त्या कायद्याखाली एका माणसाला ५० रुपये दंड झाला आणि प्रकरण दिल्लीपर्यंत गेले. १९५१ चा तो निकाल न्यायमूर्ती विवियन बोस यांनी लिहिला. हे नागपूरच्या उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश. बंद दालनात झालेला ठराव, जो प्रजेला प्रयत्न करूनही कळणे शक्य नव्हते, त्याच्या आधारे शिक्षा देणे नैसर्गिक न्यायाला धरून नाही, असे त्यांनी ठरवले आणि आधार म्हणून नेपोलियनच्या संहितेच्या या पहिल्या कलमाकडेही बोट दाखवले. रक्कम ५० रुपयांची होती, पण प्रजेला न सांगता केलेला कायदा हा कायदाच नव्हे, हे स्वतंत्र भारताने त्या ५० रुपयांवरून ठरवून टाकले.

याच तत्त्वाची दुसरी कड मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावर दिसली. २८ नोव्हेंबर १९६२ रोजी झुरिकहून मनिलाला जाणारा एक परदेशी प्रवासी तिथे पकडला गेला. अंगातल्या जाकिटात ३४ किलो सोने. परदेशी जाणारे सोने विमानाच्या मालयादीत नोंदवलेले असले पाहिजे, अशी रिझर्व्ह बँकेची नवी अट २४ नोव्हेंबरच्या राजपत्रात छापून आली होती. ती मला कळणे शक्य नव्हते, असे त्याचे म्हणणे. मुंबई उच्च न्यायालयाने त्याला सोडले. सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये दोन विरुद्ध एक मताने दोषी ठरवले: भारतात रीतसर प्रसिद्धी झाली, एवढे पुरे. शिक्षा मात्र भोगून झाली तेवढ्यावर आणली. १८०४ चा हिशेब इथे लावून पाहावा. दिल्ली ते मुंबई रेल्वेचे अंतर सुमारे १४०० किलोमीटर. त्या हिशेबाने २४ नोव्हेंबरचे राजपत्र मुंबईत डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात लागू झाले असते. घोड्यांच्या काळाचे माप विमानाच्या काळाला लावावे असे मी म्हणत नाही. पण चार दिवस पुरेसे होते का, हा प्रश्न विचारायला ते जुने माप भाग पाडते. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी त्या निकालात वेगळे मत नोंदवले, हेही इथे आठवावे.

कायदा उशिरा पोहोचणे नेहमीच माणसाच्या सोयीचे नसते. फ्रान्सने २७ एप्रिल १८४८ च्या हुकमाने आपल्या वसाहतींमधली गुलामगिरी रद्द केली. प्रत्येक वसाहतीत हुकूम जाहीर झाल्यावर दोन महिन्यांनी तो लागू व्हायचा होता. मार्टिनिक बेटावर गुलामांनी वाट पाहिली नाही. २२ मे रोजी उठाव झाला आणि २३ मे रोजी तिथल्या गव्हर्नरला स्वतःच्या अधिकारात गुलामगिरी संपल्याचे जाहीर करावे लागले. पॅरिसचा हुकूम घेऊन येणारे जहाज जूनमध्ये बेटाला लागले. रियुनियन बेटावर मुक्ती यायला २० डिसेंबर उजाडला. बोजा टाकणारा कायदा असेल तर प्रवासाचे दिवस ही माणसाला मिळालेली सवलत असते. बेड्या तोडणारा कायदा असेल तर तोच प्रत्येक दिवस अन्यायाचा असतो. पहिल्या कलमाला हा फरक दिसत नाही. वाचणाऱ्याने तो पाहिला पाहिजे.

दुसरे कलम सगळ्यांत छोटे. कायदा फक्त पुढच्या काळासाठी व्यवस्था करतो. त्याला मागे जाऊन परिणाम करता येत नाही. एकच गोष्ट दोनदा सांगितली आहे, आधी होकारार्थी आणि मग नकारार्थी. इतक्या काटकसरीच्या लिखाणात ही पुनरुक्ती का, हे त्याआधीच्या दहा वर्षांचा इतिहास सांगतो. क्रांतीच्या सरकारने जानेवारी १७९४ मध्ये वारशाचा कायदा केला: सगळ्या मुलांना सारखा वाटा. मुली आणि धाकटे मुलगे यांच्या दृष्टीने तो न्यायाचाच होता. पण तो १४ जुलै १७८९ पासून लागू केला. साडेचार वर्षांत झालेल्या वाटण्या उखडल्या गेल्या, विकलेल्या जमिनींवर नवे दावे उभे राहिले, घरोघर भाऊबंदकी पेटली. १७९५ मध्ये हा पूर्वलक्षी प्रभाव काढून टाकावा लागला. दुसऱ्या कलमातले दुहेरी वाक्य लिहिणाऱ्यांनी हे सगळे डोळ्यांनी पाहिलेले होते.

हा पेच महाराष्ट्रातल्या कुटुंबांना परका नाही. आपल्या राज्याने १९९४ मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलाइतका हक्क दिला, पण आधीच लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळले. एकाच घरात धाकटीला हिस्सा आणि थोरलीला नाही, फरक फक्त लग्नाच्या तारखेचा. केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीत लग्नाची ही अट नव्हती. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की मुलीचा हक्क जन्मापासूनचा आहे, वडील २००५ मध्ये हयात होते की नाही याने फरक पडत नाही. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मोडायच्या नाहीत. न्याय मागे किती न्यायचा आणि लोकांनी ज्या भरवशावर व्यवहार केले तो कुठे राखायचा, ही रेषा प्रत्येक पिढीला नव्याने ओढावी लागते. फ्रेंच कलम ती रेषा आयती देत नाही. तो निव्वळ साध्या कायद्यातला नियम आहे, पुढचे विधिमंडळ स्पष्ट शब्दांत त्याला अपवाद करू शकते. पण अपवाद करायचा तर तो उघड करावा लागतो. चोरपावलांनी मागे जायची वाट या कलमाने बंद केली.

तिसऱ्या कलमात कायद्याच्या तीन कक्षा आखल्या आहेत. शांतता आणि सुरक्षेचे कायदे त्या भूमीवर राहणाऱ्या सगळ्यांवर. स्थावर मालमत्तेला तिथल्या भूमीचा कायदा, मालक परदेशी असला तरी. आणि माणसाचा दर्जा व क्षमता, म्हणजे वय, लग्न, नाते, यांबाबतचा कायदा माणसाबरोबर परदेशीही जातो. जमिनीचा कायदा जागेवर थांबतो, माणसाचा कायदा त्याच्यासोबत प्रवास करतो.

ही विभागणी कागदावर स्वच्छ दिसते. माणूस मरण पावला आणि त्याची स्थावर मिळकत परक्या मुलखात असली की दोन कक्षा एकमेकींवर येतात. गोव्यात १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून लागू झाली आणि १९६१ च्या मुक्तीनंतर संसदेच्या १९६२ च्या कायद्याने तिथले प्रचलित कायदे चालू ठेवले. मग एका गोमंतकीय कुटुंबाच्या मुंबईतल्या मालमत्तेचा प्रश्न आला: वारसा गोव्याच्या संहितेने की उर्वरित भारताच्या कायद्याने? २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की गोव्याच्या रहिवाशाची मालमत्ता भारतात कुठेही असो, वारशाला गोव्याचीच संहिता लागू. संसदेने स्वीकारल्यामुळे ती आता परकी राहिलेली नाही, भारतीयच झाली आहे. मुंबईतल्या एका मिळकतीपुरता माणसाचा कायदा जमिनीच्या कायद्यावर असा भारी ठरला.

आता चौथे कलम. या पानाचा प्राण इथे आहे. कायदा गप्प आहे, संदिग्ध आहे किंवा अपुरा आहे अशी सबब सांगून जो न्यायाधीश निवाडा द्यायला नकार देईल, त्याच्यावर न्याय नाकारल्याबद्दल खटला भरता येईल. वरवर पाहता ही न्यायाधीशाला तंबी आहे. पण तंबी देता देता कायदा स्वतःचे तीन दोष कबूल करून बसला आहे: मौन, संदिग्धता, अपुरेपणा. अख्ख्या देशाचे जीवन २२८१ कलमांत बसवायला निघालेल्या ग्रंथाने चौथ्याच कलमात मान्य केले, की आपल्यात सगळे नाही. क्रांतीच्या पहिल्या वर्षांत शंका आली की न्यायाधीशाने विधिमंडळाकडे विचारणा करावी, अशी व्यवस्था होती, आणि तोवर पक्षकार ताटकळत. पोर्तालिसची धारणा स्पष्ट होती: आयुष्य कायद्यापेक्षा नेहमी पुढे असते, कोणताही कायदेकार सगळे आधी पाहू शकत नाही. म्हणून दारात आलेल्या माणसाला ‘पुस्तकात नाही’ म्हणून परत पाठवायचे नाही. पुस्तकाचे अपुरेपण पुस्तकाने सोसावे, त्याची किंमत पक्षकाराने मोजू नये. कायद्याच्या गद्यात नम्रता इतक्या कडक शब्दांत मी क्वचित पाहिली आहे.

पाचवे कलम लगेच तोल सांभाळते. न्यायाधीशाने समोरच्या प्रकरणाचा निकाल द्यावा. निकालाच्या निमित्ताने सर्वांसाठी सरसकट नियम घालून देऊ नयेत. राजेशाहीतली उच्च न्यायपीठे असे नियम काढत असत, त्याची आठवण ताजी होती. आपल्याकडे वेगळा मार्ग निवडला गेला: सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा देशभर बंधनकारक असतो, आणि कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धची १९९७ ची विशाखा मार्गदर्शक तत्त्वे २०१३ चा कायदा होईपर्यंत नियमासारखीच चालली. त्या सोळा वर्षांत त्यांनी असंख्य स्त्रियांना आधार दिला, आणि संसदेचे काम न्यायालयाला इतका काळ का करावे लागले, हा पाचव्या कलमाचा प्रश्नही त्यांनी जागा ठेवला.

सहाव्या कलमात माणूस येतो. सार्वजनिक सुव्यवस्था आणि सदाचार यांसाठी असलेले कायदे खासगी कराराने बाजूला सारता येत नाहीत. भारतीय करार कायद्याचे २३ वे कलम याच जातीचे. सावकाराने अंगठा घेऊन कर्जदाराला वेठीला धरणारा कागद केला, तर तो कागद रद्दबातल; दोघांची संमती होती हे म्हणणे तिथे ऐकले जात नाही. पाच कलमांनी सत्तेला आवरल्यावर येणारी ही एकमेव मनाई नागरिकाला आहे, आणि तीही बहुतेक वेळा दुबळ्या नागरिकाच्या बाजूने उभी राहते.

या पानाचे कौतुक करताना त्यामागचे घर विसरून चालणार नाही. याच संहितेच्या २१३ व्या कलमाने पत्नीवर पतीच्या आज्ञापालनाचे बंधन घातले आणि ते १९३८ पर्यंत टिकले. याच राजवटीने मे १८०२ मध्ये वसाहतींतली गुलामगिरी कायदा करून चालू ठेवली. म्हणजे दाराशी सगळे नियम पाळूनही आत अन्याय राहू शकतो. जाहीर केलेला, पुढच्या काळापुरता, स्पष्ट कक्षेतला कायदासुद्धा वाईट असू शकतो.

तरीही या सहा अटींचे मोल मला कमी वाटत नाही. जयपूरच्या त्या माणसाला अफूच्या कायद्याविरुद्ध काही बोलता आले नसते, कारण तो कायदा आहे हेच त्याला ठाऊक नव्हते. फ्रान्समधल्या स्त्रियांना २१३ वे कलम नेमके कोणत्या शब्दांत आपल्याला बांधते ते वाचता येत होते; ते शब्द समोर ठेवून त्यांना भांडता आले, आणि ते शब्द अखेर गेले. उघड्यावर लिहिलेल्या कायद्याशी उघड्यावर भांडता येते. कायदा न्याय्य करणे हे लोकांचे काम आहे, पिढ्यान्‌पिढ्या चालणारे. ते करायला लोकांना कायदा दिसला पाहिजे, तो कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे कळले पाहिजे, आणि न्यायाधीशाने त्यांना दारातून परत पाठवता कामा नये. एवढी हमी सहा कलमांत, पानभरात देता येते, हे १८०४ मध्ये दाखवून झाले आहे. ती हमी न देणाऱ्या सत्तेकडून ती मागून घेणे, हे आपले काम आहे.